परिचारिकेचे तत्त्वज्ञान



बारावीचा निकाल लागला की नर्सिंग कॉलेजचे फॉर्म घेऊन मुली आमच्याकडे दाखल्यासाठी येतात. अशाच एका माहितीपुस्तिकेत ‘आमचे तत्त्वज्ञान’ असे शीर्षक दिसले. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, म्हणून फीचे पान सोडून तेच आधी वाचले.

नर्सिंगच्या कॉलेजांत असे निवेदन बहुधा असतेच. माणूस, त्याचा परिसर, आरोग्य आणि शुश्रूषा या चार गोष्टी कॉलेज कशा समजते, ते त्यात सांगितलेले असते. सगळे पहिल्या शब्दावर अवलंबून आहे. रोगी म्हणजे बिघडलेले शरीर असे मानले, तर वेळेवर इंजेक्शन दिले की काम संपले.

या विचारावर व्हर्जिनिया हेंडरसन (१८९७–१९९६) या अमेरिकन परिचारिकेचा मोठा ठसा आहे. त्यांचे म्हणणे असे: शक्ती, इच्छा आणि माहिती असती तर रोग्याने स्वतःच जे केले असते, ते करायला परिचारिकेने मदत करावी, आणि तीही अशी की त्याला तिची गरज लवकर उरू नये. बरे होणे शक्य नसेल, तर शांत मरणासाठी साथ द्यावी. माणसाच्या चौदा मूलभूत गरजा त्यांनी मांडल्या. श्वास पहिला, मग अन्न, मलमूत्रविसर्जन, हालचाल, झोप... आपल्या श्रद्धेप्रमाणे उपासना अकरावी. क्रमांक पाहून आम्ही रुसलो नाही. दम लागलेल्या माणसाला आधी हवा लागते. तिच्या आधीची दहावी गरज मात्र आम्हाला टोचली: आपल्या मनातले दुसऱ्याला सांगता येणे.

पक्षाघात झालेल्या एका आजोबांना आम्ही पहिल्या शुक्रवारी पवित्र कम्युनियन द्यायला जातो. त्यांचे बोलणे अडखळते. म्हणून खाटेजवळ उभे राहून ‘आज कसे आहेत?’ असे आम्ही त्यांच्या सुनेला विचारत असू. सेमिनरीत बोएथियसची ‘व्यक्ती’ची व्याख्या आम्ही परीक्षेसाठी पाठ केली होती. व्यक्ती समोर पडलेली होती आणि आम्ही भलत्याकडेच पाहत होतो.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली त्यांची नात सुट्टीत घरी आली होती. आजोबांना नीट बसवून तिने चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला. अर्धी पेज सांडते, जेवायला पाऊण तास लागतो, घरचे कुरकुरतात. भरवले तर दहा मिनिटांत उरकते हे खरेच. एका परिचारिकेवर अख्खा वॉर्ड असेल तर हे कसे जमावे, याचे उत्तर पुस्तिकेत नव्हते.

आम्ही सवयीप्रमाणे सुनेकडे वळलो, तेव्हा नात म्हणाली, “फादर, त्यांनाच विचारा ना. फक्त थोडं थांबा.”

आम्ही स्टूल ओढून बसलो आणि विचारले. बराच वेळ गेला. मग आजोबा म्हणाले, “गुडघा... दुखतो.”

सुनेलाही ते ठाऊक नव्हते.