एका मोटारीचे भांडवल

तमिळनाडूतील कोइमतूर शहराजवळ कलंगल नावाचे एक लहानसे खेडे आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या खेड्यात एक इंग्रज अधिकारी मोटारसायकलीवर बसून आला. त्या काळी तेथील रस्त्यांवर बैलगाडीवाचून दुसरे वाहन क्वचितच दिसे. ना बैल, ना घोडा, आणि तरीही धडधड आवाज करीत धावणारे ते यंत्र पाहून गावकरी आश्चर्याने थक्क झाले. थोड्या वेळाने गाडी निघून गेली आणि लोक आपापल्या कामाला लागले. एका तरुणाच्या मनातून मात्र ती गाडी काही केल्या जाईना. तिच्या पोटात असे काय आहे की ती आपोआप धावते? हे कोडे सोडविल्यावाचून त्याला चैन पडणार नव्हते.

या तरुणाचे नाव गोपालस्वामी दोराईस्वामी नायडू. पुढे तो जी. डी. नायडू या नावाने प्रसिद्धीस आला. त्याचा जन्म २३ मार्च १८९३ रोजी एका शेतकरी कुटुंबात झाला. शाळेत त्याचे मन रमले नाही आणि शिक्षण लवकरच सुटले. परंतु शाळा सुटली तरी त्याची जिज्ञासा सुटली नाही. यंत्र समजून घ्यावयाचे तर ते आपल्या मालकीचे हवे आणि त्यासाठी पैसा हवा, हे त्याने ओळखले. तो कोइमतूरला गेला आणि एका उपाहारगृहात वाढप्याचे काम करू लागला. पै पै साठवून त्याने अखेर तीच मोटारसायकल विकत घेतली. दुसरा कोणी असता तर ऐटीत गावभर फिरला असता. दोराईस्वामीने तिचा एकेक भाग सुटा केला, प्रत्येकाचे कार्य समजून घेतले आणि गाडी पुन्हा जशीच्या तशी जोडली. हीच त्याची शाळा आणि हाच त्याचा पहिला धडा!

पुढे नायडूंनी तिरुप्पूर येथे कापसाचा व्यापार केला व त्यात चांगला नफा मिळविला. तेव्हा मुंबई ही कापसाची मोठी बाजारपेठ होती. अधिक लाभाच्या आशेने ते मुंबईस आले. पण तेथील व्यवहारात त्यांना जबर ठोकर बसली. कमावलेले धन गमावून ते रिकाम्या हातांनी कोइमतूरला परतले. मात्र हातांतील कसब कोणी हिरावून घेऊ शकत नाही. मोटारीचे यंत्र त्यांना अवगत होते. त्या कसबावरच नवा उद्योग उभारण्याचे त्यांनी ठरविले.

कोइमतूरमध्ये स्टेन्स नावाचे एक इंग्रज उद्योजक होते. त्यांच्या साहाय्याने १९२० साली नायडूंनी एक प्रवासी मोटार मिळविली. पोळ्ळाची हे बाजाराचे गाव. तर पळणी हे कार्तिकस्वामींचे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र. या दोन गावांच्या दरम्यान ती मोटार धावू लागली. ती चालविण्यास नायडू स्वतःच बसत. बाजारास जाणारे शेतकरी आणि डोंगरावरील देवाच्या दर्शनास निघालेले यात्रेकरू यांची त्यामुळे मोठी सोय झाली. बैलगाडीने ज्या प्रवासास दिवस मोडे, तो आता काही तासांत होऊ लागला. एका मोटारीच्या दोन झाल्या, दोनांच्या दहा झाल्या. १९३३ च्या सुमारास त्यांच्या ‘युनिव्हर्सल मोटर सर्व्हिस’ या संस्थेच्या दोनशेहून अधिक गाड्या रस्त्यांवर धावत होत्या. कार्यक्षमतेबद्दल या संस्थेचे नाव देशभर झाले.

याच सुमारास पायकारा येथील जलविद्युत्-केंद्राची वीज कोइमतूर परिसरात येऊ लागली. विजेवर विहिरीचे पाणी उपसता येईल, अशी आशा शेतकऱ्यांना वाटू लागली. पण त्यासाठी लागणारी विद्युत् मोटर परदेशातून आणावी लागे. ती येथेच का बनू नये? डी. बालसुंदरम् नायडू यांच्या सहकार्याने १९३७ साली कोइमतूरजवळील पीळमेडू येथे त्यांनी विद्युत् मोटर तयार केली. भारतात तयार झालेली ही पहिली विद्युत् मोटर म्हणून ओळखली जाते. याखेरीज दाढी करण्याचे विजेवरील यंत्र, फळांचा रस काढण्याचे यंत्र, रॉकेलवर चालणारा पंखा अशा अनेक वस्तू त्यांच्या कल्पक बुद्धीतून साकार झाल्या.

धन आले, कीर्ती आली. आता तिसरी पायरी राहिली होती. १९४४ साली नायडूंनी आपल्या मोटार-व्यवसायाच्या कारभारातून अंग काढून घेतले. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या, आपल्या कामगारांसाठी व समाजातील दुर्बलांसाठी कल्याणाच्या योजना यांकरिता त्यांनी धन वेचले. १९४५ साली त्यांच्या उदार देणगीतून कोइमतूर येथे तंत्रशिक्षणाचे विद्यालय आणि अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. ज्याची शाळा अर्ध्यावर सुटली होती, तोच या महाविद्यालयाचा प्राचार्य झाला!

परंतु येथेही त्यांच्या स्वभावातील परखडपणा आड आला. चार वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत पुरा होऊ शकतो, उरलेला काळ विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष कामात घालवावा, असे त्यांचे मत होते. तरुणांचा वेळ वाया जाणे म्हणजे देशाची संपत्ती वाया जाणे, असे त्यांना वाटे. इंग्रज सरकारला हे पटले नाही. तेव्हा नायडूंनी प्राचार्यपद सोडले; मात्र दिलेले दान परत मागितले नाही. ते महाविद्यालय पुढे वाढले आणि आज शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून मानाने उभे आहे. तेथून शिकून गेलेल्या अभियंत्यांच्या अनेक पिढ्या देशाच्या कामी आल्या.

४ जानेवारी १९७४ रोजी नायडूंचे निधन झाले. २०२५ साली कोइमतूरच्या अविनाशी मार्गावर सुमारे दहा किलोमीटर लांबीचा उड्डाणपूल बांधून झाला, तेव्हा त्याला त्यांचेच नाव देण्यात आले. एका मोटारीने ज्याने लोकांची वाट सुकर केली, त्याच्या नावाच्या पुलावरून आज हजारो मोटारी धावत आहेत. मुंबईच्या बाजारात त्यांचे धन गेले, पण विद्या गेली नाही; आणि पुढे मिळालेले धन त्यांनी विद्येसाठीच दिले. हातांनी काम करून शिकावे, शिकलेल्या विद्येने कमवावे आणि कमावलेले इतरांच्या शिक्षणासाठी द्यावे, हेच नायडूंच्या जीवनाचे सार होय.

स्वाध्याय

१. मोटारसायकल विकत घेतल्यावर दोराईस्वामीने काय केले? त्यावरून त्याचा कोणता गुण दिसतो?
२. मुंबईच्या व्यापारात नायडूंचे काय गेले? काय शिल्लक राहिले?
३. पोळ्ळाची व पळणी यांच्या दरम्यानच्या मोटारीमुळे कोणाकोणाची सोय झाली?
४. नायडूंनी प्राचार्यपद का सोडले? त्यांचे मत तुम्हांस पटते काय? सकारण लिहा.
५. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत योजा : थक्क होणे, चैन न पडणे, ठोकर बसणे, अंग काढून घेणे.