कपाटातली चार रोपं

मु. पो. एडवण, ता. पालघर

चि. बाळास,


तू पाठवलेले चारही फोटो मोठे करून पाहिले. कपाटाचे कप्पे काढलेस, आतून चंदेरी कागद लावलास, वर दिवा टांगलास, खाली काळ्या पिशव्यांत चार रोपं. "मामा, खालची पानं पिवळी पडतायत, टोकं करपतायत, काय करू?" एवढंच विचारलंस. रोप कशाचं ते लिहिलं नाहीस. करवतीच्या काठाचं, पंजासारखं पसरलेलं ते पान मी ओळखतो. पानं पिवळी का पडतायत याचाही अंदाज फोटोवरून आला. पण तो तुला सांगणार नाही. का नाही, ते नीट समजावं म्हणून फोन न करता पत्र लिहितोय. फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणून विषय बदलला असतास.

रोपं आजच्या आज उपटून टाक. कुणाला देऊ नकोस, ज्या मित्राने बी दिलं त्याला परतही करू नकोस. उरलेलं बीसुद्धा ठेवू नकोस. हे आधी कर आणि मग पुढचं वाच.

तू कायद्याची चौकशी केली असशील, पण बहुधा मित्रांकडेच. म्हणून जे पक्कं आहे ते लिहितो. अंमली पदार्थांचा आपला केंद्रीय कायदा १९८५ सालचा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. त्याच्या कलम ८ मध्ये गांजाचं झाड लावायलाच मनाई आहे. कलम २० च्या पहिल्या भागात त्याची शिक्षा आहे : दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. तुला कुणीतरी सांगितलं असेल की एक किलोपर्यंत 'अल्प मात्रा' असते आणि तिला वर्षभराचीच शिक्षा आहे. ते खरं आहे, पण गांजा जवळ बाळगण्यापुरतं. लागवडीच्या कलमात किलो-ग्रॅमची पायरीच नाही. कपाटातली चार रोपं आणि डोंगरातलं शेत, दोन्ही एकाच वाक्यात बसतात. न्यायाधीश शिक्षा कमी देऊ शकतील, पण गुन्हा तोच राहील.

"अजून फुलं आलेली नाहीत, म्हणजे हा गांजा नव्हेच," असंही तुझा मित्र म्हणेल. गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे आहेत हे बरोबर. वकील त्यावर कोर्टात तासन्‌तास बोलतात. पण त्याच कायद्यात 'गांजाचं झाड' याची वेगळी व्याख्या आहे, आणि त्यात त्या प्रजातीतलं कुठलंही झाड येतं, फूल असो वा नसो. भांगेची गोष्टही अशीच. नुसतं पान आणि बी गांजाच्या व्याख्येतून वगळलं आहे, म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. त्यावरून महाशिवरात्रीचं नाव घेऊन कपाटात झाड लावायची मुभा मिळत नाही.

आणखी एक कलम आहे, ज्याचं कुणी नाव घेत नाही. कलम ३३. पहिला गुन्हा, कोवळं वय, चांगली वागणूक, म्हणून चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडून देण्याची सोय इतर कायद्यांत असते. इथे ती अठरा वर्षांखालच्या मुलाला आहे, किंवा नुसतं सेवन केल्यासारख्या एखाददुसऱ्या गुन्ह्याला. तू तेवीस वर्षांचा आहेस. तुझा गुन्हा लागवडीचा ठरेल.

बाहेरच्या देशांची उदाहरणं तू देणार हे मी गृहीत धरतो. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून मोकळीक दिली. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला घरी तीन रोपं लावता येतात. थायलंडने २०२२ मध्ये बंदी उठवली आणि तीनच वर्षांत पुन्हा औषधी चिठ्ठीचं बंधन आणलं. त्या मधल्या काळात बँकॉकहून आलेल्या किती तरुण पोरांना मुंबई विमानतळावर सीमाशुल्कवाल्यांनी 'हायड्रोपोनिक' गांजासकट पकडलं, ते तू पेपरात वाचलंच असशील. त्यातल्या बहुतेकांना वाटलं असणार की तिथे चालतं म्हणजे फार मोठं काही नाही. आपल्याकडचा कायदा फार कडक आहे असं म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी खोडून काढायला बसलेलो नाही. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये भांग-गांजावर मोठा आयोग नेमला होता आणि सरसकट बंदी नको असाच त्याचा कौल होता. ही चर्चा संसदेत व्हावी, वर्तमानपत्रांत व्हावी. बोईसरच्या भाड्याच्या खोलीत ती होऊ शकत नाही. तिथे फक्त पंचनामा होतो.

आता त्या खोलीबद्दल. ती तुझी नाही. घरमालकाने पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देऊन, करार करून तुला ठेवलं आहे. आपल्या जागेत हे चाललंय हे माहीत असून जो मालक किंवा ताबेदार गप्प बसतो, त्यालाही कलम २५ प्रमाणे तीच शिक्षा आहे. तुझा खोलीतला जोडीदार तर रोज ते कपाट बघतो. त्याचा बाप मनोरच्या बाजूला दुसऱ्याच्या शेतावर राबून त्याला एमआयडीसीत कामाला पाठवतोय, हे तूच मला सांगितलं होतंस. पोलीस आले तर आधी दोघांनाही उचलतील. कोणाचं कपाट, हा प्रश्न पुढे केव्हातरी कोर्टात येईल. आणि ज्याच्या ताब्यात वस्तू सापडली त्यानेच आपण निर्दोष आहोत हे दाखवायचं, असा या कायद्याचा रोख आहे. इतर खटल्यांत सरकारला जे सिद्ध करावं लागतं, त्याचं बरंचसं ओझं इथे आरोपीच्या डोक्यावर येतं.

तुझ्या निरोपाच्या शेवटी एक ओळ होती : "खोलीत जमलं नाही तर आपल्या वाडीत कोपऱ्यात लावू, कोण बघतंय." ती ओळ वाचून मला फार वाईट वाटलं. वाडीच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे, आणि तुझ्या आईचंही आहे. जमिनीवर असं झाड दिसलं तर धारकाने लगेच कळवायचं, असं कलम ४६ सांगतं. पंच, सरपंच आणि सरकारी नोकर यांनीही कळवायचं, हे कलम ४७. ताईने हक्कसोडपत्रावर सही न करता माहेरचा हिस्सा ठेवला, तो तुझ्यासाठी. त्या हिश्शावर तिच्या नावाने गुन्हा उभा राहावा असं तुला वाटत नाही, हे मला ठाऊक आहे. तू तेवढा विचार केलाच नव्हतास. आता कर.

एक प्रश्न विचारतो, खरं उत्तर दे. तू हे ओढतोस का? झाड वाढवायची हौस वेगळी आणि रोज संध्याकाळी त्याच्याशिवाय न करमणं वेगळं. एम्सने २०१९ मध्ये देशभराची पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले सुमारे ३ कोटी १० लाख लोक निघाले. म्हणजे तू जगावेगळा नाहीस आणि वाईटही नाहीस. पण त्याच वर्षी लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी युरोपातल्या शहरांतला आणि ब्राझीलमधला अभ्यास मांडला : जास्त तीव्रतेचा गांजा रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीचं प्रमाण कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे पाचपट आढळलं. दिव्याखाली वाढवण्यासाठी जे बी फिरतं, ते नेमकं अशाच तीव्र जातींचं असतं. ओढत असशील तर मला सांग, ताईला मी सांगणार नाही. १४४४६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे. पुण्यात मुक्तांगण आहे, अनिल आणि अनिता अवचट या डॉक्टर दांपत्याने १९८६ मध्ये पु. लं.च्या मदतीने उभं केलेलं. गरज पडली तर तिथे मी तुझ्यासोबत येईन, रजा काढून राहीन.

इथवर कडक लिहिलं. आता ज्यासाठी लिहायला मन होतं ते लिहितो.

तुझ्या फोटोंत मला दुसरंही काही दिसलं. दिव्याची उंची तू पट्टीने मोजून लावली आहेस. कपाटाच्या दाराला तापमान आणि दमटपणाचा काटा आहे. पाण्याचा पीएच लिहिलेली वही एका कोपऱ्यात दिसते, तारीखवार. आपल्या घरात इतक्या शिस्तीने झाडाकडे पाहणारा तुझा आजाच होता, आणि तो हे सगळं पानमळ्यात करायचा.

पानवेल ही मुळात सावलीतली वेल. थेट ऊन तिला सोसत नाही आणि अंधारात ती वाढत नाही. मुळाशी सतत ओल हवी, पण पाणी साचलं की वेल गेलीच. समुद्राकडचा खारा वारा लागला की पान फाटतं, काळवंडतं. म्हणून एडवण, मथाणे, कोरे, दातिवरे, उसरणी, केळवे, माहीम या सगळ्या पट्ट्यात जुन्या लोकांनी मांडव घातले : वरून आच्छादन, बाजूंनी कूड, आत वाफे आणि पाटाचं पाणी. बिनविजेची खोलीच म्हण. उजेड किती, ओल किती, वारा किती, हे आतला माणूस ठरवतो. तू कपाटात जे करू पाहतोयस ते या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्यातून निघालेली पानं कवळ्या बांधून, करंड्यांत भरून सफाळ्याच्या स्टेशनवरून मुंबईला आणि तिथून पुढे जायची. त्या पैशावर घरं बांधली गेली, मुली शिकल्या. तुझी आई त्यातलीच एक.

आता मळे कमी झाले. मजूर मिळत नाही, पोरं बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत जातात, आणि उन्हाळ्यात विहिरींचं पाणी मचूळ होत जातं. पण सगळ्यांत जास्त मार बसतो तो पावसाळ्यात मर रोगाचा. फायटोफ्थोरा नावाची बुरशीसारखी जात मुळाशी शिरते, खोडाचा तळ काळा पडतो आणि चार दिवसांपूर्वीची हिरवीगार वेल मान टाकते. शेजारची वेल त्याच पाण्याने जाते. उपाय जुनाच आहे, बोर्डो मिश्रण : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं आणि मग एकत्र करायचं. चुना कमी पडला तर मिश्रण आम्लधर्मी राहून पान जाळतं, म्हणून त्यात लोखंडी पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर धरला की अजून चुना हवा. आम्ही पात्यावर चालवतो. तू दिवसभर प्रयोगशाळेत पीएच मोजतोस. तुझा मीटर आमच्या पात्यापेक्षा बरोबर सांगेल.

म्हणून माझं तुझ्याकडे काम आहे, खरंखुरं काम. आपल्या विहिरीचा आणि शेजारच्या दोन विहिरींचा पीएच आणि क्षारता दर पंधरा दिवसांनी मोजून लिहायची, फाल्गुनापासून मृगापर्यंत. कुठल्या आठवड्यात पाणी मचूळ व्हायला लागतं हे आम्ही जिभेवर ओळखतो. आकड्यांत कुणी लिहिलेलं नाही. ते कळलं तर पाणी कधी आणि किती द्यायचं हे आधी ठरवता येईल.

दुसरं काम तुझ्या दिव्याचं. मर लागलेल्या मळ्यातून बेणं घेतलं की रोगही बेण्याबरोबर येतो. निरोगी वेलीच्या तीन ते पाच पेरांच्या कांड्या स्वच्छ मातीत, पिशवीत, दमट जागी मुळं धरवून मग मळ्यात लावल्या तर सुरुवात तरी चांगली होते. सावलीतल्या झाडाला तुझा दिवा कितपत मानवतो, कांड्या त्याच्याखाली लवकर मुळं धरतात की नुसत्या मांडवात, हे करूनच बघावं लागेल. अर्ध्या पिशव्या दिव्याखाली, अर्ध्या मांडवात, आणि वही तुझी. कोसबाड टेकडीवरच्या कृषी विज्ञान केंद्रात मी बोलणार आहे, मातीचं निर्जंतुकीकरण कसं करायचं ते विचारून घेऊ.

घरातच काही वाढवायचं असेल तर धिंगरी अळिंबी आहे. भाताचा पेंढा तर इथे दारात पडलेला असतो. तो भिजवून, गरम पाण्यातून काढून, निथळवून पिशवीत थर द्यायचे आणि मधे बियाणं पेरायचं. तीनेक आठवड्यांत पिशवी पांढरी होते आणि मग पीक सुरू होतं. तिला दमटपणा नेमका लागतो आणि तेच तुला मोजता येतं. पुण्यात काही तरुणांनी बंद कंटेनरमध्ये केशर काढून दाखवलंय, तेही वाच, मात्र खर्च बघून.

आणि जर तुझं मन खरोखर त्या झाडातच असेल, त्याच्या रसायनात, औषधी उपयोगात, तर त्याचाही उघडा रस्ता आहे. सरकारच्या परवानगीने जम्मूच्या सीएसआयआरच्या संस्थेत या झाडावर संशोधन चालतं. उत्तराखंडाने २०१८ पासून धाग्यासाठी आणि बियांसाठी नशा नसलेल्या जातीचे परवाने द्यायला सुरुवात केली. तू रसायनशास्त्राचा पदवीधर आहेस. एमएस्सी कर, तिथे अर्ज कर. फीचं मी आणि भावोजी बघू. गुन्हा नोंदवला गेला तर मात्र हा दरवाजा तुझ्यासाठी बंद होऊ शकतो, पासपोर्टचाही होऊ शकतो, आणि अणुऊर्जा केंद्रातल्या ज्या जागेसाठी तू अर्ज भरलायस तिचाही, कारण तिथे पोलिसांच्या दाखल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.

शनिवारी तुला सुट्टी आहे. सकाळच्या गाडीने सफाळ्याला उतर, तिथून एडवणची एसटी मिळते. दिवा, पीएच मीटर, दमटपणाचा काटा आणि वही आण. पिशव्याही आण, पण आतली माती टाकून, धुऊन. मी कांड्या काढून ठेवतो, बाकीचं मळ्यात बोलू.

तुझा,
मामा

ता. क. : जोडीदारालाही घेऊन ये. पानवेलीची उतरण चालू आहे, चार हात लागतील, आणि मामी दोघांसाठी जेवण करणार आहे.