पंधराशे काय?

काचीगुड्याच्या आमच्या दवाखान्यात लहानपणी लस टोचून घ्यायला येणारी मुले मोठी झाल्यावर पुन्हा येतात, ती बहुधा स्वतःचे बाळ कडेवर घेऊन. दोन वर्षांपूर्वी मात्र अशीच एक माजी बालरुग्ण, वय वर्षे सत्तावीस, आपल्या आईसह निराळ्याच कामासाठी आली. गच्चीबावलीतील एका संगणक कंपनीत ती नोकरीला आहे. कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत असताना तिने विमानातून उडी घेण्याचे, म्हणजे स्कायडायव्हिंगचे, रीतसर शिक्षण घेऊन पहिला परवाना मिळवला होता. आता सुटीत स्पेनला जाऊन उड्या घेण्याचा तिचा बेत होता. तिथल्या आरोग्यविषयक प्रश्नावलीत एक प्रश्न होता : आपणांस कधी झटके आले आहेत काय?

दीड वर्षाची असताना तिला तापात एकदा झटका आला होता आणि त्या रात्री तिला तपासणारा मीच होतो.

"डॉक्टरकाका, इतक्या जुन्या गोष्टीला 'नाही' लिहिले तर चालेल ना?" असा तिचा प्रश्न. "डॉक्टर, तुम्हीच हिला उडी मारू नकोस म्हणून सांगा," ही आईची विनंती. मी दोघींचेही ऐकले नाही. खरे ते सविस्तर लिहावे, असे सांगितले : झटका एकदाच, दीड वर्षाच्या वयात, तापात आला, त्यानंतर कधीही नाही. तापातील साधा झटका म्हणजे अपस्मार नव्हे. तथापि प्रौढ व्यक्तीला योग्यतेचा दाखला देणे हे बालरोगतज्ज्ञाचे काम नाही, म्हणून तिला एका फिजिशियन मित्राकडे पाठवले. त्यांनी तपासून दाखला दिला. पुढे कुतूहलापोटी या विषयाचे जे वाचन घडले, त्याचे सार येथे मांडत आहे.

पहिला भारतीय छत्रीधारी : एक डॉक्टर

आपल्या व्यवसायबंधूंना अभिमान वाटावा अशी गोष्ट प्रथम सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतीय सैन्याची हवाई छत्रीधारी दले उभी राहिली, तेव्हा विमानातून उडी घेणाऱ्या पहिल्या भारतीयांत वैद्यकीय अधिकारी ए. जी. रंगराज होते. पुढे कोरियातील युद्धात ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स या भारतीय वैद्यकीय तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. मार्च १९५१ मध्ये मुनसान-नी येथे अमेरिकन छत्रीधारी सैन्याबरोबर या तुकडीचे एक पथकही उतरले. रंगराज यांना महावीरचक्र मिळाले. १९५९ मध्ये भारतातील पहिल्या महिला छत्रीधारी ठरलेल्या गीता चंदा यादेखील वायुदलातील डॉक्टरच होत्या.

मराठी माणसाला या क्षेत्रात परिचित असलेले नाव म्हणजे पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी आयुष्यातील पहिली उडी घेतली, ती थेट उत्तर ध्रुवावर, उणे ३७ अंश तापमानात आणि सरावाच्या एकाही उडीविना! डिसेंबर २००६ मध्ये त्या दक्षिण ध्रुवावर उतरल्या. २०१८ मध्ये थायलंडमधील पट्टाया येथे नऊवारी नेसून त्यांनी उडी घेतली, तेव्हा सर्व वर्तमानपत्रांनी ती छायाचित्रे छापली. परंतु छायाचित्रात एक गोष्ट दिसत नाही. पहिली उडी आणि नऊवारीतील उडी यांच्यामध्ये शेकडो उड्यांचा अनुभव होता. मोकळे कापड हवेत छत्रीच्या दोऱ्यांत अडकू शकते, म्हणून ते जागोजागी घट्ट बांधावे लागते. नवशिक्याने अनुकरण करायचे ते या तयारीचे; उत्तर ध्रुवावरील धाडस हा अपवाद मानावा.

शिक्षण कसे असते?

साधारणपणे तेरा-चौदा हजार फुटांवरून उडी घेतली जाते. पोट जमिनीकडे ठेवून पडणाऱ्या माणसाचा वेग लवकरच ताशी १९० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. म्हणजे हजार फूट अंतर सहा सेकंदांच्या आत संपते. मुक्तपतन सुमारे एक मिनिटाचे असते. शिक्षणाच्या आरंभी दोन प्रशिक्षक विद्यार्थ्याला दोन बाजूंनी धरून उडी घेतात. प्रगती होईल तसतसा आधार कमी होतो. अमेरिकेत पहिल्या परवान्यासाठी किमान २५ उड्या लागतात. पाठीवर मुख्य छत्रीसोबत एक राखीव छत्री असते. माणूस बेशुद्ध झाला किंवा भान हरपले, तरी ठरावीक उंचीखाली वेग जास्त आढळल्यास राखीव छत्री आपोआप उघडणारे यंत्रही असते.

अशा व्यवस्थेमुळे हा खेळ वाटतो त्यापेक्षा सुरक्षित झाला आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये सुमारे साडेछत्तीस लाख उड्यांमागे १० मृत्यू नोंदले गेले. अलीकडच्या काळात पुष्कळसे अपघात छत्री न उघडल्याने होत नाहीत. छत्री नीट उघडलेली असताना जमिनीजवळ चुकीचे वळण घेतल्याने होतात.

मात्र सरासरीवर विसंबून चालत नाही. स्कॉटलंडमधील टेसाइड भागात धर्मादाय निधीसाठी उड्या घेणाऱ्यांचा पाच वर्षांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक जण प्रथमच उडी घेणारे होते. दुखापतीचे प्रमाण ११ टक्के, गंभीर दुखापतीचे ७ टक्के! निधीत जमलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकारी आरोग्यसेवेला १३.७५ पौंड खर्च आला.

ठिकाण बदलले की

ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१८ साली छपलेली एक विनोदी चाचणी अनेकांना आठवत असेल. २३ जणांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले. एकाला पॅराशूट, दुसऱ्याला रिकामी पिशवी. दोन्ही गटांत इजेचे प्रमाण सारखेच, म्हणजे शून्य! कारण विमान जमिनीवर उभे होते आणि उडीची सरासरी उंची अवघी ०.६ मीटर होती. एका परिस्थितीतील निष्कर्ष दुसऱ्या परिस्थितीत जसाच्या तसा लागू करू नये, हा त्यातील गंभीर धडा.

नवशिक्याच्या बाबतीत तो शब्दशः खरा ठरतो. त्याच्या पंचवीस उड्या बहुधा एकाच मैदानावर, एकाच विमानातून, ओळखीच्या प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली झालेल्या असतात. परदेशी गेल्यावर वारा निराळा, उतरण्याची दिशा व वळणांचे नियम निराळे, भाड्याने मिळालेली छत्री कदाचित आकाराने लहान आणि म्हणून अधिक वेगवान असते.

आमच्या मुलीच्या बाबतीत हेच घडले. परतल्यावर तिने हकीकत सांगितली. स्पेनमध्ये विमानात बसण्यापूर्वी प्रशिक्षकाने सूचना दिली : छत्री पंधराशेला उघडा. सर्वांनी माना डोलावल्या. हिच्या मनगटावरचा उंचीमापक अमेरिकेतला, फुटांचा. तिने हात वर करून विचारले, "पंधराशे काय?"

पंधराशे मीटर म्हणजे सुमारे ४,९०० फूट. पंधराशे फूट म्हणजे जेमतेम ४५७ मीटर. त्या वेगाने जमीन आठ-नऊ सेकंदांवर! मुख्य छत्रीत बिघाड निघाला, तर राखीव छत्रीचा निर्णय घ्यायला वेळच उरत नाही. प्रशिक्षक हसला नाही. त्याने तिच्या उंचीमापकाच्या तबकडीवर चिकटपट्टीने पाच हजारांजवळ खूण करून दिली आणि मगच तिला विमानात चढू दिले.

हे ऐकताना मला माझ्या निवासी डॉक्टरकीतील एक रात्र आठवली. सहा किलो वजनाच्या बाळाला झटका आलेला, आणि मी घाईघाईत सांगितले, "डायझेपाम दीड द्या." वयस्कर सिस्टरांनी सिरिंज हातात धरून शांतपणे विचारले, "दीड काय, डॉक्टर?" मला दीड मिलिग्रॅम म्हणायचे होते. दीड मिलिलिटर गेले असते, तर पाचपट मात्रा होऊन बाळाचा श्वास थांबू शकला असता. मी शिकलेला होतो, पदवीधर होतो. तो प्रश्न विचारला गेला म्हणून ते बाळ वाचले.

सारांश

परदेशी उडी घेऊ इच्छिणाऱ्या तरुणांना व त्यांच्या पालकांना इतकेच सुचवावेसे वाटते. आरोग्याची प्रश्नावली खरी भरावी. सर्दी किंवा कानाचा त्रास असल्यास उडी पुढे ढकलावी. लांबच्या प्रवासानंतर आधी पुरेशी झोप घ्यावी. उड्यांची नोंदवही सोबत न्यावी व अनुभव वाढवून सांगू नये. अमेरिकेत पहिला परवानाधारक साठ दिवस उडीविना राहिला, तर पुढची उडी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली घेतो. हाच नियम सर्वत्र स्वतःहून पाळावा. शिरस्त्राणावर कॅमेरा लावण्याचा मोह दोनशे उड्या होईपर्यंत आवरावा. आणि कोणताही आकडा कानावर पडला की त्याचे परिमाण विचारावे.

आई मात्र अजून माझ्यावर रुसलेली आहे. "तुम्ही अडवले असते तर ती गेली नसती," असे त्या म्हणतात. ते खरे असेलही. पण आपण मुलांना किती दिवस अडवणार? हात वर करून प्रश्न विचारायला ती शिकली आहे, यातच मला तिची खरी योग्यता दिसते.