पत्री निवडताना डोळा चोळू नका

गणपतीच्या एकवीस पत्रींत धोतरा असतो. आमच्या काकूंनी सकाळी पत्री निवडली आणि दुपारी त्यांची उजवी बाहुली डावीपेक्षा कितीतरी मोठी दिसू लागली. दुखत नव्हतं, पण जवळचं अंधुक दिसत होतं, उजेड सोसवत नव्हता. एकच बाहुली अचानक मोठी होणं हे मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेल्या फुग्याचंही लक्षण असू शकतं, म्हणून आम्ही तडक रुग्णालय गाठलं. कोणीही तेच करावं. कारण घरी बसून ठरवू नये.

काकूंची पापणी उतरली नव्हती, डोळा सगळीकडे वळत होता. डॉक्टरांनी पायलोकार्पिनचा थेंब घातला. नस दुखावल्यामुळे बाहुली मोठी झाली असेल, तर या थेंबाने ती आकसते. काकूंची ढिम्म राहिली. म्हणजे बाहुलीच्या स्नायूवरच कसलंतरी औषध बसलं होतं. “सकाळपासून कशाकशाला हात लावलात?” या प्रश्नावर धोतरा निघाला.

बाहुली लहान करणाऱ्या गोल स्नायूला ॲसिटिलकोलीनचा निरोप लागतो. धोतऱ्यातलं ॲट्रोपीन आणि स्कोपोलामीन तो अडवतात. डोळे तपासण्याआधी घालतात ते ट्रोपिकामाइडही हेच करतं. जोडीचं फिनाइलेफ्रिन बाहुली उघडणाऱ्या दुसऱ्या स्नायूला चेतवतं. ट्रोपिकामाइड साधारण काही तासांत उतरतं. ॲट्रोपीनच्या थेंबांना आठवडा, कधी त्याहूनही जास्त लागतो.

धोतरा हाताळल्यावर साबणाने हात धुवा, तोवर डोळ्याला बोट लावू नका. दम्यासाठी इप्राट्रोपियमची वाफ घेताना मास्क सैल असेल, तर ती डोळ्यात जाऊन असंच होतं. मास्क घट्ट बसवा. थेंब घालून तपासणी असेल त्या दिवशी गाडी दुसऱ्याला चालवू द्या. लहान मुलाला ॲट्रोपीन दिलं असेल, तर थेंबानंतर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिट-दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध अंगात कमी भिनतं. मूल लालबुंद झालं, तापलं, बरळू लागलं तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

डोळ्याचा कोन अरुंद आहे असं कधी सांगितलं गेलं असेल, तर थेंब घालण्याआधी ते सांगाच. सर्दीच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही अशा डोळ्यातला दाब एकाएकी चढतो. डोळा लाल, असह्य ठणका, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि उलट्या, असं झालं तर पित्त समजून सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री नेत्रतज्ज्ञ गाठा.