कोरकू भाषेचे स्वयं-अध्ययन

सातपुड्याच्या डोंगररांगांत वसलेल्या मेळघाटात, म्हणजेच अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांत, शिक्षक, परिचारिका वा ग्रामपंचायत अधिकारी म्हणून बाहेरून रुजू होणाऱ्यांना बहुधा कोरकू भाषा येत नसते. पहिलीत आलेल्या मुलाला गुरुजींचा प्रश्न उमगत नाही. आजारी बाळाची माता काय सांगते, ते परिचारिकेस कळत नाही. मग मूल मंद ठरते आणि माता अडाणी. वास्तविक उणीव असते ती ऐकणाऱ्याची. ती दूर करणे प्रौढ वयातही शक्य आहे.

भाषेचे कूळ

कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती ऑस्ट्रो-आशियाई कुळातील मुंडा शाखेची भाषा असून संथाळी व मुंडारी या तिच्या भगिनी होत. या शाखेतील ही सर्वांत पश्चिमेकडील भाषा. २०११ च्या जनगणनेनुसार देशात तिचे सुमारे ७ लाख २७ हजार भाषक आहेत. 'कोरो' म्हणजे माणूस व 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे 'माणसे'. जॉन ड्रेक यांनी १९०३ मध्ये तिचे व्याकरण इंग्रजीत प्रसिद्ध केले. तथापि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यास सहज हाती येतील अशी साधने थोडीच. गाव हीच त्याची शाळा होय.

परिचित वाटा

मराठी भाषकास काही गोष्टी सोप्या जातात. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. लेखनासाठी देवनागरी लिपी चालते. द्विवचनाची ओळख शाळेतील संस्कृतमुळे असतेच. ऐकणाऱ्यास वगळणारे 'आम्ही' व त्यास सामावून घेणारे 'आपण' हा मराठीतील भेद कोरकूतही आहे. तेथे अनुक्रमे 'आले' व 'आबुंग' म्हणतात. ग्रामसभेत विहिरीविषयी बोलताना 'आले' म्हटले, तर काम शासनाचे ठरते. 'आबुंग' म्हटले, तर ते सर्वांचे होते. एका सर्वनामाने एवढे अंतर पडते.

अभ्यासाची रीत

आरंभ कानाने करावा. पहिले काही आठवडे आठवडी बाजारात, अंगणवाडीत व शाळेच्या आवारात केवळ ऐकावे. नंतर खिशात लहान वही ठेवून रोज चार-पाच वाक्ये टिपावीत. सुटे शब्द लवकर विसरतात, 'कोठे दुखते?', 'पाणी उकळून प्या' अशी कामाची वाक्ये टिकतात. प्रत्येक वाक्य दोन निरनिराळ्या व्यक्तींकडून पडताळावे, कारण गावागणिक उच्चार बदलतो. मुले उत्तम गुरू असतात. ती चूक ऐकून हसतात, पण लगेच दुरुस्तही करतात. औषधाची मात्रा अथवा कागदावरील संमती यांसारख्या बाबतींत मात्र भाषा पक्की येईपर्यंत जाणत्या दुभाष्याचे साहाय्य घ्यावेच.

कर्तव्याची बाजू

अल्पसंख्य भाषक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे संविधानाचा अनुच्छेद ३५०-क सांगतो. तो १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झाला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस विशेष अधिकार दिले. परंतु चर्चेची भाषाच सदस्यांना परकी असेल, तर ते अधिकार कागदावरच राहतात. कर्मचाऱ्याने शिकलेले प्रत्येक कोरकू वाक्य हे अंतर थोडे कमी करते.