दम लागतोय? आधी नोकरी सांगा

एअर फोर्समधून रिटायर झालेले फिटर, टेक्निशियन अंधेरीपासून मुलुंडपर्यंत बरेच राहतात. दम लागतो म्हणून ते दवाखान्यात येतात तेव्हा डॉक्टर सिगारेटचं विचारतात, हँगरमधल्या कामाचं नाही. मग तुम्हीच सांगा.

ओझरचा 11 बेस रिपेअर डेपो असो वा एखाद्या स्क्वाड्रनचं हँगर, काय हाताळलं ते महत्त्वाचं. पिवळट-हिरवा क्रोमेट प्रायमर घासताना उडणाऱ्या धुळीचा संबंध फुफ्फुसाच्या कॅन्सरशी आहे, सुटे भाग धुवायच्या ट्रायक्लोरोएथिलीनचा मूत्रपिंडाच्या कॅन्सरशी. इंधनातलं बेन्झीन रक्तपेशी बनवणाऱ्या मज्जेवर घाव घालतं. जुन्या ब्रेक लायनिंगमधल्या अ‍ॅस्बेस्टॉसचा आजार तर वीस ते चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो. त्यात सिगारेटही ओढत असाल तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो; ती आजच सोडा.

रक्तातलं क्रोमियम, 'डिटॉक्स' पॅकेज यांवर पैसे घालू नका. आजच्या रक्तातली क्रोमियमची पातळी तीस वर्षांपूर्वीच्या हँगरबद्दल काही सांगत नाही. सीबीसी, लघवीची तपासणी, छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री पुरे. लघवीतून रक्त गेलं, खोकला तीन आठवडे टिकला किंवा वजन उतरलं तर मात्र थांबू नका. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं (ईसीएचएस) कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्या.

आता अपंगत्व पेन्शनच्या दाव्याचं. ऑस्ट्रेलियात एफ-111 विमानांच्या इंधन टाक्यांत उतरून काम केलेल्यांचा सरकारने आरोग्य अभ्यास केला, भरपाईही दिली. आपल्याकडे ज्याचा त्याने लढायचं. सेवेत लागलेल्या आजाराबाबत संशयाचा फायदा सैनिकाला मिळावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग खटल्यात म्हटलं. पण 2023 मध्ये या पेन्शनचे नियम बदलले, तेव्हा तुमच्या निवृत्तीच्या तारखेला कोणते लागू होते ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. पेन्शनचा अर्ज फेटाळला गेला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे.

रिटायर झाल्यावर सांताक्रूझला नागरी विमानांवर काम केलं असेल तर तेही लपवू नका. नंतर उघड झालं तर तेच तुमच्या विरोधात जातं. अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान 40 वर्षं ठेवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला होता. तुमच्या नोंदी कुणी तशा जपल्या असतील यावर विसंबू नका. युनिट, वर्षं, ट्रेड, वापरलेली रसायनं, मास्क मिळत होता की नाही, हे सगळं एका कागदावर लिहा, आणि सोबत काम केलेल्या दोघांच्या सह्या त्यावर घ्या.