पाइपाभोवतीचा फोम : भरणे सोपे, कापणे हुन्नराचे

नगर-सोलापूर रस्त्यावरील मिरजगाव व भोवतालच्या खेड्यांत नळकाम आणि गवंडीकाम करणाऱ्या कारागीर बंधूंपुढे एक छोटे काम वारंवार येते. भिंतीला भोक पाडून पाइप बाहेर काढला की त्याच्याभोवती बोट-दोन बोटे फट राहते. तिच्यातून मुंग्या, विंचू, उंदीर घरात शिरतात आणि पावसाचे पाणी भिंतीत मुरते. पूर्वी ही फट विटांचे तुकडे व सिमेंटने बुजवीत. आता हार्डवेअरच्या दुकानांत डब्यातला पीयू फोम मिळतो. तो भरायला कोणालाही जमतो. बाहेर आलेला जास्तीचा भाग नीट कापणे हे मात्र हुन्नर आहे. कापताना पाइपालाच चीर गेली तर मजुरी राहते बाजूला आणि भिंत पदरमोड करून पुन्हा फोडावी लागते.

फोम फुगतो कसा?

पॉलियुरेथेन हा पदार्थ जर्मनीत ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली शोधून काढला. डब्यातला द्रव हवेतील ओलाव्याने फुगतो व घट्ट होतो. कर्जत तालुका अवर्षणाचा. उन्हाळ्यात येथील हवा अगदी कोरडी असते. म्हणून फटीतली धूळ झाडून आधी पाण्याचा हलका फवारा मारावा. डबा चांगला हलवून उलटा धरावा आणि फट निम्मीच भरावी. बाकीची जागा फोम स्वतः भरून काढतो. जो कमी भरतो, त्याला कमी कापावे लागते.

ओला फोम पुसू नका

बाहेर आलेला ओला फोम फडक्याने पुसण्याचा मोह आवरावा. तो सर्वत्र चिकटतो आणि काम बिघडते. काही जण तो ॲसिटोनने पुसतात. ॲसिटोन ओला फोम काढते हे खरे. पण पीव्हीसी व सीपीव्हीसी पाइपही त्याने मऊ पडतो. पाइपाजवळ ते वापरूच नये. वाळलेला फोम तर कशानेही विरघळत नाही, तो कापावा किंवा खरवडावाच लागतो. डब्यावर लिहिलेला वेळ पाळावा. घाई नसेल तर दुसऱ्या दिवशी कापणे सर्वांत चांगले. वरची साल कडक आणि आत ओला, असा फोम कापला तर तो फाटतो व खचतो.

कापण्याची रीत

बारीक दातांचे आक्सा ब्लेड किंवा दातेरी सुरी घ्यावी. पाते भिंतीला सपाट टेकवून, जोर न लावता मागे-पुढे चालवावे. पाइपाच्या दिशेने कधीही कापू नये. पाइपापासून बोटभर अंतरावर थांबावे आणि उरलेला भाग हाताने मोडून खरड कागदाने घासावा. पाइपाला पत्र्याची पट्टी गुंडाळून घेतली तर पाते घसरले तरी धोका नाही. गिलावा करायचा असेल तर फोम भिंतीच्या पातळीपेक्षा अर्धा इंच आत कापावा.

झाकल्याशिवाय काम पुरे नाही

फोमची साल पाणी अडवते. कापल्यावर आतली छिद्रे उघडी पडतात व ती पाणी धरतात. शिवाय उन्हाने फोम पिवळा पडून भुगा होतो. म्हणून बाहेरच्या बाजूला सिमेंटचा गिलावा करावा किंवा सीलंट लावून वर रंग द्यावा. उंदीर फोम कुरतडतात. सांडपाण्याच्या पाइपाभोवती आधी तारेची जाळी कोंबावी. गळका जोड फोमने बंद होत नाही. जोड आधी दुरुस्त करावा, मगच फट बुजवावी.

जिवाची काळजी

डब्यातला वायू पेट घेणारा असतो. जवळ विडी, चूल किंवा पेटता गॅस गीझर नसावा. हातमोजे व चष्मा घालावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. धुराड्याच्या तापणाऱ्या पाइपाभोवती साधा फोम भरू नये. तो जळला तर विषारी धूर होतो. उन्हाळ्यात डबा मोटारसायकलच्या डिकीत किंवा उन्हात ठेवू नये, तो फुटू शकतो.

हिशेब

चार इंची, म्हणजे ११० मि.मी. पाइप १५० मि.मी. भोकातून नऊ इंची भिंतीपार नेला, तर भोवतीची जागा दोन लिटरच्या आत भरते. डब्यावर लिहिलेले लिटर मोकळ्या हवेतले असतात. भिंतीत त्याहून कमी मिळतात. साध्या नळीचा डबा एकदा उघडला की नळीतला फोम घट्ट होतो आणि उरलेला माल वाया जातो. म्हणून गावातली चार-पाच कामे एकाच दिवशी धरावीत.

दर सांगताना दुसऱ्या फेरीची मजुरी त्यातच धरावी आणि गिऱ्हाइकाला आधी सांगावे : आज भरणार, उद्या कापून झाकणार. पहिल्या पावसात ज्याची भिंत कोरडी राहिली, तोच गिऱ्हाईक पुढचे घर दाखवतो.